हार्बर शाखा : एका फाट्याचा हिशेब

कॉस्टिंगच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर एका कंपनीच्या तीन शाखांची खाती मांडली. दोन शाखा नफ्यात, तिसरी तोट्यात. तिसरी बंद करावी काय, असा प्रश्न होता. वर्गातल्या बहुतेकांनी 'करावी' म्हणून हात वर केले. त्यांत मीही होतो. मग सरांनी दाखवून दिले की मुख्य कचेरीच्या खर्चाचा मोठा वाटा ही तिसरी शाखाच उचलत होती. ती बंद पडली तर तो बोजा उरलेल्या दोघींवर पडेल आणि त्याही बुडतील. खडू ठेवता ठेवता सर सहज म्हणाले, "रेल्वेचंच बघा. पासवाल्यांच्या गाड्या नेहमी तोट्यात. बंद करून दाखवा पाहू!"

वर्ग हसला. मला मात्र ते थोडे लागले. कारण मी स्वतः पासवाला आहे. खानापूरहून सकाळच्या पॅसेंजरने बेळगावला यायचे, संध्याकाळी परत जायचे. वाटेत इदलहोंड आणि देसूर. टीसी साहेब आले की "पास तोरस्री" म्हणतात आणि आपण खिशातून पास काढून दाखवतो. म्हणजे रोज मी सरकारचे नुकसान करीत बेळगावला येतो की काय? हा प्रश्न डोक्यात घेऊन घरी गेलो आणि आजोबांना विचारला. आजोबा म्हणजे माझ्या आईचे वडील. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मुंबईत दाणाबाजारात माथाडी म्हणून काढली आणि निवृत्त होऊन गावी परतले. त्यांनी काही उत्तर दिले नाही. आत जाऊन पत्र्याची एक पेटी आणली. तीत रबर लावून ठेवलेले जुने रेल्वे पास होते. बरेचसे पुसट झालेले, पण काहींवरचे 'कॉटन ग्रीन ते मस्जिद' वाचता येत होते आणि नंतरच्या काहींवर 'कॉटन ग्रीन ते वाशी'.

या पासांवरूनच हा लेख सुचला. कॉटन ग्रीन, मस्जिद आणि वाशी ही तिन्ही स्थानके मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या ज्या फाट्यावर आहेत त्याला हार्बर शाखा म्हणतात. नाव 'शाखा'. एका शाखेचे खाते कसे वाचावे, हे मला फळ्यापेक्षा या फाट्याच्या इतिहासाने अधिक शिकवले.

मुंबईची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेची मुख्य वाट. घाट चढून कापसाच्या मुलखात पोचायचे आणि तो कापूस बंदरावर आणायचा, हा या कंपनीचा खरा धंदा. पण गंमत अशी की बोरीबंदराला पोचलेला माल जहाजापर्यंत न्यायला पुढे बैलगाड्याच होत्या. इकडे बंदर वाढत होते. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, पुढे व्हिक्टोरिया डॉक झाला, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. बेटाच्या पूर्वेला माझगावपासून शिवडीपर्यंत समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टने शेकडो एकर नवी जमीन तयार केली. त्या जमिनीवर कापूस, धान्य, कोळसा, लाकूड आणि लोखंड यांच्या वखारी वसवायच्या होत्या. वखार वसवायची तर माल आणायला रूळ हवेत, आणि माल उचलायला माणसे हवीत. ती माणसे आणायलाही रूळच हवेत.

१२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ला ते रे रोड हा हार्बर शाखेचा पहिला तुकडा सुरू झाला. मुख्य मार्गावरून कुर्ल्याला फुटायचे आणि वडाळा, शिवडी करीत बंदराच्या कडेकडेने रे रोडपर्यंत यायचे, असा तो फाटा. पुढे १ जानेवारी १९१५ रोजी पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड पिअर ते वडाळा अशी स्वतःची रेल्वे सुरू केली. तिच्यामुळे गोदीतला माल थेट देशभरच्या रुळांना मिळाला.

या फाट्यावरची स्थानकांची नावे ओळीने वाचावीत. डॉकयार्ड रोड म्हणजे जहाजबांधणी. रे रोड हे माजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. कॉटन ग्रीन म्हणजे कापसाचा बाजार. पूर्वी तो कुलाब्याला भरे, नंतर शिवडीच्या बाजूला आणला, आणि बाजाराबरोबर नावही आले. एखाद्या पेढीची जुनी खातेवही उघडल्यासारखी ही यादी आहे. २०२४ मध्ये यांतल्या काही स्थानकांची नावे बदलावीत असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने केला: कॉटन ग्रीनचे काळाचौकी, रे रोडचे घोडपदेव, डॉकयार्ड रोडचे माझगाव. नावांच्या वादात मी पडत नाही. आपल्या गावात तो विषय काढला की चहा गार होतो.

आता एक प्रश्न. रे रोडपासून बोरीबंदर, म्हणजे तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस, अवघे चारेक किलोमीटर. तरीही हा फाटा पंधरा वर्षे रे रोडलाच थांबून राहिला. का? कारण मधे मांडवी आणि डोंगरी हे शहरातले सर्वांत दाट भाग होते. घरांना घरे आणि वखारींना वखारी लागलेल्या. जमिनीवरून रूळ न्यायला जागाच नव्हती. अखेरीस रूळ उंचावरून, कमानी आणि लोखंडी खांबांवरून न्यायचे ठरले. सँडहर्स्ट रोड स्थानकावर आजही हे दिसते: मुख्य मार्गाची गाडी खालून जाते आणि हार्बरची गाडी डोक्यावरून. पण उंचावर जायचे म्हणजे चढ आला, तोही थोड्या अंतरात, म्हणून तीव्र. वाफेच्या इंजिनाला असा चढ आणि दर दोन मिनिटांनी थांबे, हे दोन्ही मानवत नाही. शिवाय खिडक्यांना लागून धूर ओकणारी गाडी दिवसातून पन्नास वेळा जाऊ लागली, तर खालचे व्यापारी ते किती दिवस सहन करणार?

तेव्हा उपाय निघाला तो विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया टर्मिनसवर समारंभ झाला आणि भारतातली पहिली विजेची आगगाडी धावली. ती धावली कुठल्या मार्गावर? मुख्य मार्गावर नव्हे. बॉम्बे व्ही.टी. ते कुर्ला, हार्बर शाखेने. १८५३ चा मान ठाण्याच्या वाटेला, पण १९२५ चा मान या दुय्यम फाट्याला. मुख्य मार्गाच्या लोकल त्यानंतर विजेवर आल्या. पश्चिमेकडच्या बी.बी.अँड सी.आय. रेल्वेची कुलाबा ते बोरिवली वीज १९२८ ची, आणि डेक्कन क्वीन १९३० ची.

विजेच्या गाडीने नेमके काय साधले, ते थोडे सविस्तर सांगतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला त्यात गोडी वाटावी. वाफेची गाडी टर्मिनसला आली की इंजिन पुढच्या टोकाला अडकून पडते. ते सोडवायचे, दुसऱ्या रुळाने मागे आणायचे, पाणी-कोळसा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. तोवर फलाट अडलेला. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची खोली असते. मोटरमन एका टोकाकडून उतरतो, दुसऱ्या टोकाला चढतो, आणि तीच गाडी काही मिनिटांत उलट निघते. तेच डबे आणि तोच फलाट, फेऱ्या मात्र दुप्पट-तिप्पट. भांडवल तेवढेच, उत्पादन अधिक. शिवाय ही गाडी थांब्यावरून चटकन वेग घेते. जवळजवळ स्थानके असलेल्या फाट्यावर सारा वेळ वेग घेण्यात आणि टाकण्यातच जातो, म्हणून हा फायदा तिथे सर्वांत मोठा. आरंभी हार्बरवर चार डब्यांच्या गाड्या होत्या. पुढे नऊ डब्यांच्या झाल्या, आणि २०१६ मध्ये बारा डब्यांच्या.

वीज होती ती १,५०० व्होल्टची, एकदिश प्रवाहाची. त्या काळच्या मोटारींना तीच सोयीची होती. पण दाब कमी म्हणून प्रवाह फार लागतो, प्रवाह फार म्हणून तार जाड लागते, आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र उभारावे लागते. पुढे देशभर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. तीच शक्ती सुमारे सतराव्या हिश्श्याच्या प्रवाहात मिळते, आणि तारेतला अपव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. (आमच्या शास्त्र शाखेतल्या मित्राकडून हे दोनदा समजून घेतले, चूक असल्यास ती माझी.) मुंबईत मात्र जुनी वीज दीर्घकाळ टिकून राहिली. धावत्या मार्गावर ती बदलणे म्हणजे चालत्या माणसाचे जोडे बदलणे. पश्चिम रेल्वेने बदल पुरा केला, मग मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने, आणि सर्वांत शेवटी हार्बरने. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सुटलेली लोकल ही मुंबईतली एकदिश विजेवरची शेवटची लोकल. जिथे ही वीज प्रथम आली तिथूनच ती ९१ वर्षांनी शेवटची गेली. पहिला मान मिळालेल्या फाट्याला नवी सोय सर्वांच्या शेवटी मिळाली, याचे मला वाईटही वाटले आणि गंमतही.

हार्बरचे सावत्रपण एवढ्यावर संपत नाही. मुख्य मार्गावर जलद आणि धिम्या गाड्यांना वेगळे रूळ आहेत. हार्बरला येण्याचा एक आणि जाण्याचा एक. म्हणून इथे प्रत्येक गाडी धिमी. सारी मुंबई जिथे एकत्र येते ते दादर या वाटेवर येतच नाही. कुर्ल्याला किंवा वडाळ्याला उतरून गाडी बदलावी लागते. कुर्ल्याच्या पुलाचे वर्णन आजोबांनी मला केले, पण ते छापण्याजोग्या भाषेत नव्हते.

कुर्ल्याहून पूर्वेला चेंबूरकडे जाणारा तुकडा तर जन्मानेच वेगळा. १९०६ मध्ये टाकलेला हा एकेरी रूळ शहरातला कचरा दलदलीच्या जमिनीवर नेऊन टाकण्यासाठी होता. माणसांसाठी तो खुला झाला १९२४ मध्ये. म्हणजे आजोबांचा वाशीचा पास ज्या वाटेवरून जाई, त्यातला काही भाग मूळचा कचऱ्याच्या गाडीचा. पुढे ही वाट मानखुर्दपर्यंत सरकली आणि खाडीच्या काठाशी येऊन थांबली. पलीकडे मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. कित्येक वर्षे लोकलच्या नकाशात मुंबई मानखुर्दला संपत असे.

आता पुन्हा पासाकडे येतो, कारण आमच्या सरांचा मुद्दा अजून उभाच आहे.

उपनगरी मासिक पासाची किंमत पूर्वापार साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर बेतलेली आहे. नोकरदार माणूस महिन्याला पन्नासेक फेऱ्या करतो. समजा एकेरी भाडे १० रुपये आहे. पास १५० रुपयांचा, फेरी पडली ३ रुपयांना. जून २०१४ मध्ये पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर हिशेब करावा असे ठरले होते. मुंबईत ओरड झाली आणि तो निर्णय काही दिवसांतच मागे घेतला गेला. तेव्हा पास म्हणजे तोटा हे आकड्यांत खरे आहे, आणि ते मी मान्य करतो.

पण हा तोटा नेमका कुठून येतो? पासवाला स्वस्तात जातो एवढ्याने नव्हे. खरी मेख अशी की सारे पासवाले एकाच वेळी, एकाच दिशेने जातात. सकाळी आठ ते अकरा शहराकडे, संध्याकाळी उलट. या तीन तासांसाठी रेल्वेला डबे, मोटरमन, रूळ आणि वीज हे सारे कमाल संख्येने ठेवावे लागते. सकाळी टर्मिनसला खच्चून भरून आलेली गाडी परत जाताना निम्मी रिकामी असते. दुपारी डबे उभे. आपल्याकडे लग्नसराईत भाड्याची भांडी देणारा असतो, तसेच हे: चार दिवस भांडी पुरत नाहीत, उरलेले दिवस माळ्यावर धूळ खातात, आणि भांडवलावरचे व्याज मात्र बारा महिने चालूच. म्हणून उपनगरी गाडीचा खरा इलाज भाडेवाढीत कमी आणि उलट दिशेची गर्दी निर्माण करण्यात अधिक आहे.

आजोबांच्या पासांतून मला हेच दिसले. १९७४ च्या सुमारास ते मुंबईला गेले तेव्हा काळाचौकीच्या एका खोलीत आपल्या बाजूची चौदा माणसे राहात. खानापूर आणि चंदगड, दोन्हीकडची. काम मस्जिद बंदराच्या दाणाबाजारात, पाठीवर शंभर किलोचे पोते. माथाडी कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळे मंडळाकडून पगार मिळू लागला होता. कॉटन ग्रीन ते मस्जिद जवळजवळ स्थानके, पण सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसे. मग मस्जिद बंदराच्या गल्ल्यांतले ट्रक शहराला झेपेनासे झाले आणि घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे वाशीला हलले. आधी कांदा-बटाटा, मागून दाणाबाजार. काम गेले वाशीला, खोली राहिली काळाचौकीला. आधी बसने खाडीपूल ओलांडायचा, आणि १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आल्यावर गाडीने.

"आन मग बाळा," आजोबा म्हणाले, "सकाळी समोरच्या फलाटावर माणसं लोंबकळत येत व्हती, आन मी माझ्या गाडीत खिडकीला बसून तंबाखू मळत जात व्हतो. पंधरा वर्सं उभ्यानं गेलेला मानूस!"

सरांच्या फळ्यावर हे वाक्य लिहून ठेवावे असे मला वाटले. आजोबा ज्या गाडीत खिडकीशी बसत ती गाडी रेल्वेला नाहीतरी वाशीकडे न्यावीच लागत होती, शहराकडची गर्दी आणण्यासाठी. त्यांना नेण्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य. त्यांच्या पासाचे जे काही रुपये आले ते निव्वळ पदरात पडले. ज्याला आपण 'सीमांत परिव्यय' म्हणून पाठ करतो, तो हा तंबाखू मळणारा माझा आजा.

वाशीची रेल्वे ही या फाट्याच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात मांडले की मुंबई उत्तरेलाच लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे जोडशहर वसवावे. गर्दी एकाच टोकाला ओढली जाऊ नये म्हणून दुसरे टोक निर्माण करायचे. मार्च १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे महामंडळ निघाले. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ मध्ये झाला, पण रेल्वे आली नाही. रेल्वेचे म्हणणे असे की तिथे प्रवासी कुठे आहेत? सिडकोचे म्हणणे असे की रेल्वेच नाही तर राहायला येणार कोण? कोंबडी आधी की अंडे आधी, यात जवळजवळ वीस वर्षे गेली.

कोंडी फुटली ती पैशाच्या वाटणीने. मानखुर्द ते बेलापूर मार्गाच्या खर्चाचे सुमारे दोन तृतीयांश सिडकोने द्यावेत आणि एक तृतीयांश रेल्वेने, असे ठरले. ६७ आणि ३३ हे प्रमाण नव्या मुंबईच्या रेल्वेमार्गांसाठी पुढेही चालत राहिले. वाशी १९९२, बेलापूर १९९३, पनवेल १९९८. २००४ मध्ये ठाणे-वाशी हा जोडही मिळाला.

सिडकोने एवढा पैसा आणला कुठून? थोडा प्रवाशांकडून: या मार्गांच्या तिकिटावर अधिभार बसला. पण मुख्यत्वे जमिनीतून. स्थानक कुठे होणार हे ज्याने ठरवले त्याच्याच ताब्यात भोवतालची जमीन होती. रेल्वे येताच तिचा भाव चढला आणि चढलेल्या भावाने भूखंड विकून रेल्वेचा खर्च निघाला. वाशीच्या स्थानकावरच कचेऱ्यांच्या इमारती उभ्या आहेत. खाली लोकल, वर संगणकाचा धंदा. रेल्वे तोट्यात दिसते ती तिकीटखिडकीपुरती. तिने निर्माण केलेली किंमत तिच्या खात्यात जमाच होत नाही, ती शेजारच्या जमिनीच्या खात्यात जाते. सिडकोने ही दोन्ही खाती एकत्र जुळवली. १९१० मध्ये पोर्ट ट्रस्ट आणि जी.आय.पी. यांनी माझगाव-शिवडीत काहीसे हेच केले होते, फक्त तिथली जमीन समुद्राची होती.

नव्या मुंबईतली जमीन समुद्राची नव्हती. इथवर लिहून झाल्यावर मी खुशीत होतो. फाट्याचा ताळेबंद जुळला असे वाटत होते. पण जमेच्या बाजूला लिहिलेली ही रक्कम ९५ गावांच्या शेतीची होती. शेतीच्या भावाने घेतलेली जमीन शहराच्या भावाने विकायची, यातला फरक म्हणजेच तो नफा. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनातून पुढे, १९९० पासून, साडेबारा टक्क्यांची योजना आली: ज्याची जमीन गेली त्याला तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. म्हणजे चढलेल्या भावात मूळ मालकाचा हिस्सा आहे हे तत्त्व मान्य झाले. ते मान्य होण्याआधी पाच माणसे गेली. पाठ्यपुस्तकात 'बाह्य लाभ' या प्रकरणात हे नसते.

या फाट्याचा सर्वांत नवा तुकडा त्याच जासईच्या बाजूने जातो. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंतची लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणला पोचली. वाटेत न्हावा शेवा हे स्थानक आहे, जिथले जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीचा बराच माल तिकडे गेला. बंदरासाठी निघालेला फाटा बंदराच्या मागोमाग खाडी ओलांडून ११४ वर्षांनी नव्या बंदरावर हजर झाला, असेही म्हणता येईल.

हा लेख लिहीत असताना आजोबा शेजारी येऊन बसले. "काय लिवूलालास रे एवढं?" मी वाचून दाखवले. रेल्वेचा भाग त्यांनी मान डोलावत ऐकला. जमिनीचा भाग आल्यावर त्यांची मान थांबली.

आपल्याकडे बेळगाव ते धारवाड कित्तूरमार्गे थेट रेल्वे मंजूर झाली, हे वाचकांना ठाऊकच आहे. सुमारे ७३ किलोमीटरचा मार्ग. खर्चाचा निम्मा वाटा आणि जमीन राज्याने द्यायची. आज धारवाडला लोंढ्याला वळसा घालून जावे लागते, तो वळसा वाचेल. आमच्या वर्गातले धारवाडचे मित्र, आणि या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारी आमची मैत्रीणही, या रेल्वेची वाट पाहात आहेत. मीही पाहात होतो. पण देसूर, गर्लगुंजी या बाजूच्या शेतकऱ्यांनी सुपीक जमिनीतून मार्ग नको, पडीक जमिनीतून न्या, म्हणून विरोध केला. माझ्या मावशीचे शेत त्याच बाजूला आहे. दोन एकर, भात आणि मागून रताळी. त्यामुळे या प्रश्नात मी तटस्थ आहे असे म्हणणार नाही.

"स्टेशन कुठं येनार त्यात?" आजोबांनी विचारले.

मी म्हटले, "स्टेशन कुठे का येईना, आजोबा, जमीन तर जाणारच ना?"

"तसं न्हवं. स्टेशन जवळ आलं तर उरलेल्याचा भाव चढतो. लांब गेलं तर नुसता रूळ जातो. वाशीला बघितलंय मी. मावशीला इचारलंस काय, किती उरनार तिचं?"

मी विचारले नव्हते. पोर्ट ट्रस्टची जमीन किती, सिडकोची किती, हे सारे मी वाचून काढले होते. मावशीच्या दोन एकरांतले किती गुंठे आखणीत येतात हे मला ठाऊक नव्हते. आजोबांनी पास मोजून पुन्हा रबर लावले आणि पेटी बंद केली.

रविवारी मावशीकडे जाणार आहे. सातबाराचा जो उतारा असतो त्याला आमच्याकडे 'पहाणी' म्हणतात, ती पाहायला मागणार आहे. आणि उद्या सकाळी कॉलेजला येताना इदलहोंड सोडल्यावर देसूर येईपर्यंत खिडकीशी बसायचे ठरवले आहे.